मेळघाटातील हिवाळा : अस्वल, सुतार पक्षी आणि वाळवी यांच्या प्रकल्प नोंदी

२८ नोव्हेंबर, सेमाडोह

या हिवाळ्यातील काम दोन प्राण्यांभोवती बेतलेले असले तरी त्याच्या मुळाशी प्रश्न एकच आहे. थंडीच्या दिवसांत जमिनीतली आणि झाडांवरची वाळवी व मुंग्या कोठे असतात, आणि त्यांच्यावर जगणारे अस्वल व सुतार पक्षी त्यांच्यामागे आपले वेळापत्रक कसे हलवतात, एवढेच आम्हांला पाहायचे आहे. ‘अस्वल हिवाळ्यात झोपते’ हे शाळेतले वाक्य मनात इतके पक्के बसलेले असते की नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांनी पहिल्याच बैठकीत, मग हिवाळ्यात पाहायचे तरी काय, असा रास्त प्रश्न विचारला. ते वाक्य हिमालयातील काळ्या अस्वलाला आणि उत्तरेकडील थंड देशांतल्या तपकिरी अस्वलाला लागू पडते. आपल्या जंगलातले अस्वल शीतनिद्रा घेत नाही, कारण शीतनिद्रा हा थंडीवरचा नव्हे, तर उपासमारीवरचा तोडगा आहे. जेथे बर्फाखाली सगळे अन्न गाडले जाते तेथे साठवलेल्या चरबीवर पडून राहण्यात शहाणपण असते. सातपुड्यात डिसेंबरातही वारुळे जिती असतात आणि बोरी लगडलेल्या असतात, त्यामुळे येथल्या अस्वलाला झोपून राहण्याचे कारणच नाही.

मेळघाट व्याघ्र प्रकल्प १९७४ साली अस्तित्वात आला आणि देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत त्याची गणना होते, त्यामुळे येथे पायी फिरण्याला साहजिकच बंधने आहेत. वनविभागाच्या परवानगीने आम्हांला सिपना नदीच्या काठचा एक पट्टा आणि त्याला लागून असलेला सागाचा उतार मिळाला आहे. सूर्योदयापूर्वी आणि सूर्यास्तानंतर पायी जाण्यास मनाई असल्याने रात्रीचे काम कॅमेरा ट्रॅप आणि ध्वनिमुद्रक यांच्यावर सोपवले आहे. दिवसा वनरक्षक आणि सेमाडोहजवळच्या पाड्यातील एक कोरकू वाटाडे आमच्यासोबत असतात. वाटाड्यांना सगळेजण मामा म्हणतात, म्हणून या नोंदींतही तेच संबोधन ठेवले आहे.

३ डिसेंबर

आज वारुळांची निवड पूर्ण झाली. पट्ट्यातील सगळी वारुळे मोजण्यापेक्षा, ज्यांच्या जवळच ऐन, धावडा किंवा मोहाचे मोठे झाड आहे आणि त्या झाडाच्या खोडावर वाळवीने मातीचा लेप चढवला आहे, अशीच वारुळे घ्यायचे ठरले. यामागचे कारण असे की येथील बुरशी वाढवणारी वाळवी राहते जमिनीत, पण अन्नासाठी पावसाळा सरल्यावर खोडांवर चढते, वरची मेलेली साल खाते आणि चढताना डोक्यावर मातीचे पातळ छप्पर बांधत जाते. म्हणजे एकाच वसाहतीची एक बाजू वारुळात, अस्वलाच्या हाताशी असते आणि दुसरी बाजू खोडावर, सुताराच्या चोचीसमोर असते. ही जोडी एकत्र पाहिल्याशिवाय दोन्ही प्राण्यांच्या वेळा समजणार नाहीत, अशी माझी धारणा आहे आणि सगळी मांडणी त्याच धारणेवर केली आहे.

निवडलेल्यांपैकी एक वारूळ आदल्या रात्रीच उकरलेले निघाले. खड्डा नरसाळ्यासारखा होता. तोंड रुंद होते, आत जाताना तो निमुळता होत गेला होता आणि सगळी माती उताराच्या बाजूला एकाच दिशेने फेकलेली होती. आतल्या भिंतीवर नखांचे समांतर ओरखडे इतके स्वच्छ उमटले होते की त्यांतली अंतरे फूटपट्टीने मोजता आली. तळाशी बुरशीच्या पोळ्याचे राखाडी, स्पंजासारखे तुकडे पडले होते. अस्वलाने ते खाल्ले नव्हते, नुसते बाजूला सारले होते. खड्ड्याच्या तळाची बारीक धूळ मात्र जागेवर नव्हती. अस्वल आधी जोराने फुंकर मारून धूळ उडवते आणि मग ओठांची नळी करून वाळवी ओढून घेते. त्याला वरचे मधले दोन पटाशीचे दात नसतात, टाळू खोलगट असते आणि नाकपुड्या हवे तेव्हा मिटता येतात. ही सगळी रचना याच एका कामासाठी आहे.

उकरणे नेमके केव्हा झाले, हे मामांनी दवावरून सांगितले. दव पडण्यापूर्वी उकरलेल्या मातीवर सकाळी ओलसर, किंचित आवळलेला पापुद्रा असतो. दव पडून गेल्यावर उकरलेली माती वरून कोरडी आणि सुटी राहते व तिच्याखाली आधीचे ओले गवत दबलेले सापडते. या खड्ड्यावर पापुद्रा नव्हता, म्हणजे काम पहाटेचे. कॅमेऱ्याच्या नोंदीशी ही पद्धत ताडून पाहण्यासाठी नोंदवहीत ‘मातीची स्थिती’ असा वेगळा रकाना पाडला आहे.

९ डिसेंबर

सुतार पक्ष्यांचे काम आजपासून नीट सुरू झाले. पट्ट्यात सोनपाठी सुतार सर्वांत सहज दिसतो, मराठा सुतार त्याखालोखाल, आणि पिंगट टोपीचा चिमुकला सुतार बारीक फांद्यांवर असल्याने डोळ्यांपेक्षा कानांनाच आधी सापडतो. तांबूस सुतार अद्याप दिसलेला नाही. प्रत्येक पक्ष्याची नोंद करताना तो कोणत्या झाडावर, जमिनीपासून किती उंचीवर आणि खोडाच्या कोणत्या दिशेला आहे हे लिहायचे, शिवाय तो ठोकतो आहे, साल उचकटतो आहे, मातीचा लेप पाडतो आहे की नुसता टिपतो आहे, हेही लिहायचे ठरले आहे.

सकाळी उन्हाची तिरीप ऐनाच्या झाडाच्या पूर्वेकडच्या अंगावर पडेपर्यंत सोनपाठी सुताराची जोडी वरच्या फांद्यांवरच राहिली. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांनी फुटलेली असते आणि त्या भेगांतून वाळवीचा लेप चढत गेलेला असतो. ऊन खोडावर आल्यावर थोड्याच वेळात मादी खाली उतरली आणि तिने लेपाची कड चोचीने तिरकी धरून खपली काढावी तशी मातीची पट्टी सोडवली. ठोकण्याचा आवाज जवळजवळ नव्हताच. पट्टी पडली की ती क्षणभर थांबे, मान तिरकी करी आणि उघड्या पडलेल्या सालीवरून जीभ फिरवून घेई. सुताराची जीभ चोचीच्या बाहेर बरीच लांब जाऊ शकते, कारण तिला आधार देणारी हाडे कवटीच्या मागून वर वळून थेट कपाळापर्यंत आलेली असतात. मादी दुर्बिणीतून अगदी जवळ दिसत होती, तरी जीभ दिसली ती केवळ एक ओली चमक म्हणून.

नर याच खोडाच्या सावलीतल्या बाजूला एकदा जाऊन आला आणि लेप न पाडताच परतला. एका सकाळीवरून काही ठरवता येणार नाही, पण खोडाच्या दिशेचा रकाना ठेवल्याचे समाधान वाटले.

१४ डिसेंबर

ढगाळ हवा, दुपारपर्यंत ऊन नाही. सुतारांच्या नोंदी अगदी थोड्या झाल्या आणि त्याही सुकलेल्या फांद्यांवरच्या. लेप पाडताना एकही पक्षी दिसला नाही. कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या बदलल्या.

२१ डिसेंबर

गेल्या पंधरवड्यात गोळा केलेली अस्वलाची विष्ठा आज धुऊन चाळली. हे काम कोणालाच हौसेचे वाटत नाही, पण अस्वलाने काय खाल्ले याचा यासारखा भरवशाचा पुरावा दुसरा नाही. प्रत्येक नमुना वेगळ्या बादलीत भिजवून बारीक चाळणीवर पाण्याच्या धारेखाली धरायचा, उरलेला ऐवज पांढऱ्या ताटात पसरून सुकवायचा आणि मग भिंगाखाली चिमट्याने वेगळा करायचा. वाळवीचे कामकरी मऊ अंगाचे असतात, त्यांचे फारसे काही उरत नाही. सैनिकांची डोकी कठीण असल्याने ती मात्र तपकिरी मोहरीसारखी अखंड निघतात. त्यामुळे नुसती डोकी मोजून खाल्लेल्या वाळवीचा अंदाज केला तर तो नेहमीच कमी येणार, हे विद्यार्थ्यांना ताटावरच दाखवता आले. मुंग्यांचे तसे नाही, त्यांची डोकी, छात्या, पाय सगळेच ओळखू येते.

वाळवीच्या डोक्यांसोबत बोरांच्या आठळ्या भरपूर निघाल्या. अस्वल बोर चावत बसत नाही, गिळून टाकते आणि आठळ्या न फुटता बाहेर पडतात. बहाव्याच्या चपट्या, गुळगुळीत बिया एकाच नमुन्यात सापडल्या, कारण बहाव्याच्या शेंगा आता कोठे पिकू लागल्या आहेत. सर्वच नमुन्यांत माती होती आणि ज्या नमुन्यांत सैनिकांची डोकी अधिक त्यांत मातीही अधिक होती. एका विद्यार्थिनीने सुचवले की मातीचे वजन वेगळे घेतले तर ते वारूळ उकरण्याचे एक मोजमाप होऊ शकेल. सूचना चांगली आहे आणि येथून पुढे माती फेकून न देता सुकवून तोलायची, असे ठरले.

बोरी नदीकाठी आणि जुन्या पडीक शेतांच्या कडेला आहेत, वारुळे सागाच्या उतारावर आहेत. या दोहोंच्या दरम्यान असलेल्या वाटेवरच बहुतेक विष्ठा मिळाली आहे. अस्वलाच्या रात्रीचा ढोबळ नकाशा एवढ्यावरून हाती येतो.

२७ डिसेंबर

पट्ट्याच्या वरच्या टोकाला काळ्या पाषाणाचा तुटलेला कडा आहे आणि त्यात कपारी आहेत. वनरक्षकांच्या सांगण्यानुसार तेथे दरवर्षी अस्वलाची मादी पिलांसाठी बसते. आपल्याकडे अस्वलांचा समागम उन्हाळ्यात होतो आणि पिले बहुतांश डिसेंबर-जानेवारीत जन्मतात. एका वेळी एक किंवा दोन पिले असतात, क्वचित तीन. जन्मतः ती आंधळी आणि असहाय असतात. सुरुवातीचे काही आठवडे मादी कपारीतून फारशी हलत नाही. हिवाळ्यात ‘झोपलेले’ अस्वल कोणी खरोखर पाहिले असेल तर ती बहुधा अशी बाळंतीण मादी असावी. तिचे घरात बसणे पिलांसाठी असते, थंडीसाठी नव्हे, आणि त्या काळात नर बाहेर नेहमीप्रमाणे हिंडत असतात.

कड्याजवळ कॅमेरा लावण्याची विद्यार्थ्यांची इच्छा मी मान्य केली नाही. पिलांजवळची मादी माणसावर सरळ धावून येते हे एक कारण आहेच, पण त्याहून मोठे कारण असे की डिवचलेली मादी कपार सोडून गेली तर आमच्या एका छायाचित्रापायी पिले उघड्यावर पडतील. कड्यापासून लांब, खालच्या नाल्यातल्या जनावरांच्या वाटेवर एक कॅमेरा पुरेसा आहे. मादी बाहेर पडेल तेव्हा पाण्यासाठी तिला तेथूनच जावे लागेल.

५ जानेवारी

तीन रात्रींपासून कडाक्याची थंडी आहे. पहाटे तापमापकात पारा ६ अंशांवर होता आणि नदीकाठच्या गवतावर दव गोठल्यासारखे पांढरे दिसत होते. आम्हांला हव्या त्या तुलनेसाठी याहून चांगले दिवस मिळणार नव्हते.

सकाळी उजाडताच निवडलेल्या झाडांवरील लेपाचा बोटभर तुकडा प्रत्येक खोडावर हलक्या हाताने काढून आत पाहिले. सावलीतल्या बाजूला लेपाखाली एकही वाळवी नव्हती आणि पूर्वेकडेही नव्हती. बोगदे रिकामे पडले होते. त्याच वेळी शेजारच्या वारुळाच्या एका जुन्या फटीत लांब दांडीचा तापमापक सोडला, तर आतली हवा बाहेरच्यापेक्षा कितीतरी उबदार निघाली. बुरशी वाढवणारी वाळवी आपल्या वारुळाच्या गाभ्यात ऊब आणि ओलावा टिकवून ठेवते, कारण तिची बुरशी त्यावाचून जगत नाही. गार रात्री खोडावरची सगळी कामकरी मंडळी गाभ्याकडे परतलेली असते आणि पहाटेपर्यंत तेथेच दाटीने असते.

आता कॅमेऱ्यांच्या नोंदी याच्याशेजारी ठेवून पाहाव्यात. या तीन रात्रींत वारूळ उकरतानाची जी चित्रे मिळाली ती सगळी मध्यरात्रीनंतरची आहेत आणि त्यांतली बहुतेक पहाटेच्या आधीच्या तासांतली आहेत. ध्वनिमुद्रकात फुंकर आणि त्यामागोमाग ओढण्याचा घुर्रर्र असा आवाज आलटून पालटून ऐकू येतो. हा आवाज शांत रात्री शे-दीडशे मीटरवरूनही कानी पडतो. संध्याकाळच्या चित्रांत अस्वल बोरीखाली आहे, वारुळावर नाही.

उलट बाजूने सुतार पाहिला तर तो लेपाकडे ऊन वर आल्यावरच वळतो. आज पावणेदहाच्या सुमारास पूर्वेच्या बाजूचा लेप पुन्हा तपासला तेव्हा आत कामकरी वाळवीची ये-जा सुरू झाली होती. त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत सोनपाठी सुताराची जोडी त्याच बाजूला आली. म्हणजे एकच वसाहत रात्री गोळा होते तेव्हा अस्वलाला परवडते आणि दिवसा पसरते तेव्हा सुताराला परवडते. अस्वलाला एका जागी पुष्कळ वाळवी हवी असते, नाहीतर एवढे उकरण्याचे कष्ट वाया जातात. सुताराला थोडीच पुरते, पण ती सालीजवळ असावी लागते. थंडी या दोन्ही वेळा अधिक ठळक करते. उन्हाळी रात्री वाळवी वर-खाली होण्याचे प्रमाण कमी असेल तर हा फरक पुसट होईल, आणि ते तपासायला एप्रिलपर्यंत कॅमेरे तसेच ठेवावे लागतील.

अस्वल ‘निशाचर’ आहे एवढेच लिहून आपण थांबतो, याची मला नेहमीच चुटपुट लागते. निशाचर असणे हे वर्णन झाले. रात्रीच्या कोणत्या प्रहरी ते कशासाठी कोठे असते, हे लिहिल्याशिवाय त्या शब्दाने जंगलात जाणाऱ्या माणसाला काही उपयोग होत नाही.

१२ जानेवारी

थंडी ओसरली आहे. उकरण्याच्या वेळा पुन्हा रात्रभर पसरल्या. मामांचा दवाचा ठोकताळा कॅमेऱ्याच्या वेळेशी बहुतेक ठिकाणी जुळला आहे. तो चुकला तो फक्त दाट झाडाखालच्या वारुळांवर, कारण तेथे दव पडतच नाही. रकान्यात ‘वर छत आहे की उघडे’ अशी भर घातली.

१९ जानेवारी

तांबूस सुतार अखेर सापडला आणि तोही त्याच्या खास कामात मग्न असताना. मोहाच्या एका फांदीवर काळ्या मुंग्यांचे कागदी लगद्यासारखे तपकिरी घरटे आहे. या मुंग्या डिवचल्या की पोटाचा भाग डोक्यावर उचलून धरतात. पक्षी घरट्याच्या खालच्या बाजूला लटकला होता आणि पापुद्रे एकेक करून सोलत होता. मुंग्या त्याच्या पायांवर, शेपटीवर चढत होत्या आणि तो अधूनमधून पाय झाडण्यापलीकडे त्यांची दखल घेत नव्हता. त्याच्या कपाळावरची आणि शेपटीच्या टोकाची पिसे चिकटून एकत्र झालेली दिसली. घरट्यातल्या चिकट द्रवाने ती नेहमीच तशी होतात आणि जुन्या निरीक्षकांनी हे आवर्जून नोंदवलेले आहे. फेब्रुवारीनंतर हा पक्षी याच मुंग्यांच्या जित्या घरट्यात बीळ करून अंडी घालतो. ज्यांना तो खातो त्यांच्याच घरात तो पिले वाढवतो आणि मुंग्या ते सहन कशा करतात, हे कोडे मला सुतारांच्या कवटीच्या कोड्यापेक्षा अधिक गमतीचे वाटते.

कवटीचा विषय निघालाच आहे तर एक लिहून ठेवतो, कारण विद्यार्थ्यांनी आजही तोच प्रश्न विचारला. सुताराच्या कवटीतील स्पंजासारखे हाड धक्के शोषून घेते, असे अनेक वर्षे सांगितले जात होते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अतिवेगवान चित्रणाच्या अभ्यासात कवटी धक्का शोषत नाही, ती ताठ हातोड्यासारखी वागते, असे दिसले. धक्का शोषला गेला असता तर ठोक्याची ताकदच वाया गेली असती. मेंदू सुरक्षित राहतो तो लहान आकारामुळे.

त्याच मोहाच्या बुंध्याशी अस्वलाच्या नखांच्या खुणा आहेत, पण त्या जुन्या आहेत.

२९ जानेवारी

नदीकाठच्या अर्जुन सादड्यावर आग्या मोहोळ लागले आहे आणि खोडावर अस्वलाच्या चढण्याच्या ताज्या खुणा आहेत. अर्जुनाची साल फिकट आणि गुळगुळीत असल्याने खुणा लांबूनही वाचता येतात. वर चढतानाची नखे टोचल्यासारखी ठिपक्यांत उमटतात, उतरतानाची लांब घसरत आलेली असतात. खुणा मोहोळाच्या फांदीच्या बऱ्याच खाली थांबल्या आहेत आणि तेथूनच घसरण्याच्या खुणा सुरू होतात. मधमाश्यांनी पाहुण्याला वाटेतूनच परत पाठवलेले दिसते. मोहोळ शाबूत आहे.

आज सकाळी पहिल्यांदा ठोकणीचा नाद ऐकू आला. ही अन्नासाठीची ठोकणी नव्हे. वाळक्या, पोकळ फांदीवर चोचीने केलेली ही घोषणा आहे आणि विणीच्या हंगामाची ती सुरुवात मानली जाते. मराठा सुताराची ठोकणी लहान आणि सम असते. तांबूस सुताराची ठोकणी वेगाने सुरू होते आणि मग दमल्यासारखी हळू होत होत थांबते, त्यामुळे एकदा ऐकली की पुन्हा चुकत नाही. नोंदवहीत आता ‘अन्नाची’ आणि ‘हाकेची’ असे ठोकणीचे दोन रकाने झाले आहेत आणि दिवसागणिक दुसरा रकाना भरत जाईल.

८ फेब्रुवारी

सोनपाठी सुतार आता मिश्र थव्यांतून कमी दिसू लागला आहे. डिसेंबरात कोतवाल, गोमेट, शिलींध्री, वल्गुली यांच्या संगतीत तो फिरत असे. थव्यात राहिल्याने ससाण्या-शिक्र्यांवर नजर ठेवायला अनेक डोळे मिळतात, आणि कोतवालाला सुताराने उडवलेले किडे आयते मिळतात. आता जोड्या आपापल्या झाडांना धरून आहेत.

जुन्या बिळांची पाहणी केली. सुतार हिवाळ्यात रात्रीच्या झोपेसाठी बीळ वापरतो आणि जोडीतले दोघे वेगवेगळ्या बिळांत झोपतात. सोडून दिलेल्या बिळांत पोपट, साळुंक्या आणि पिंगळे वस्ती करतात. रानपिंगळ्याचा विचार येथे टाळता येत नाही. १८८४ नंतर कोणालाच न दिसलेला हा पक्षी १९९७ साली आजच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पुन्हा सापडला आणि मेळघाट आज त्याच्या मोजक्या आसऱ्यांपैकी एक आहे. तोही झाडांच्या ढोलीतच घरटे करतो. वाळलेली झाडे जळणासाठी तोडली गेली की आधी सुतार जातो आणि त्यामागून बिळांवर अवलंबून असलेले सगळे जातात, हे वनरक्षकांशी बोलताना पुन्हा निघाले. उभ्या वाळक्या झाडांची स्वतंत्र मोजणी त्यांनी आपल्या बीटात सुरू केली आहे.

१७ फेब्रुवारी

सागाची पानगळ सुरू झाल्याने उतार मोकळा दिसू लागला आहे आणि चालताना पाचोळ्याचा आवाज इतका होतो की सुतारांच्या जवळ जाणे अवघड झाले आहे. आता बसून निरीक्षण करावे लागेल.

नाल्यातल्या कॅमेऱ्यात मादी आली आहे आणि तिच्या पाठीवर पिले आहेत. एक खांद्यांमधल्या लांब केसांत पार बुडालेले आहे, दुसरे मागे कमरेजवळ पालथे पडलेले आहे. पिलांना असे पाठीवर घेऊन हिंडणे ही आपल्या अस्वलाची खासियत आहे. वाघ-बिबट्यांच्या जंगलात आणि चढायला झाड जवळ नसलेल्या माळावर पिलांसाठी याहून सुरक्षित जागा नसते. चित्राची वेळ सकाळी सव्वाआठची आहे. पट्ट्यातील नर या वेळेला कधीच बाहेर दिसलेले नाहीत. नेपाळमधील चितवनच्या अभ्यासातही पिले असलेल्या माद्या इतरांपेक्षा दिवसा अधिक फिरताना आढळल्या होत्या. वाघ आणि नर अस्वल ज्या वेळेला हिंडतात ती वेळ टाळण्याचा हा मार्ग असावा. आमच्याकडे चित्रे थोडी आहेत, पण दिशा तीच आहे.

याच मादीचे त्याच दिवशीचे दुसरे चित्र वारुळाजवळचे आहे. तोपर्यंत ऊन वर आलेले होते. अस्वलासाठी ही वेळ तोट्याची, कारण वाळवी खोडावर पसरलेली असते. तिने दोन ठिकाणी उकरून सोडून दिलेले दिसते. पिलांच्या सुरक्षिततेसाठी ती अन्नात तोटा पत्करत असेल तर हा या हिवाळ्यातील सर्वांत महत्त्वाचा धागा ठरेल. उकरून सोडलेल्या खड्ड्यांची खोली आजपासून वेगळी नोंदवायची.

२७ फेब्रुवारी

बोरे संपली. गेल्या आठवड्यातील विष्ठेत आठळ्या जवळजवळ नाहीत, बहाव्याच्या बिया मात्र वाढल्या आहेत आणि मातीचे वजनही वाढले आहे. फळे कमी झाली की अस्वल पुन्हा वारुळांकडे वळते. मार्चच्या मध्यापासून मोहफुले गळू लागतील आणि मग हे सगळे चित्र पालटेल, कारण त्या दिवसांत अस्वल आणि माणूस एकाच झाडाखाली एकाच वेळेला येतात.

वनरक्षक, मामा आणि पाड्यातील काही जण यांच्यासमोर तासवार तक्ता ठेवला. त्यात रात्रीच्या प्रत्येक तासाला अस्वल बोरीखाली, वारुळावर की वाटेवर दिसले, एवढेच मांडले आहे. पहाटेचे तास सर्वांत गडद आहेत. मोह वेचायला बाया पहाटे अंधारातच निघतात, कारण उशीर झाला की फुले गुरे आणि चितळ खाऊन टाकतात. त्यामुळे ‘अंधारात जाऊ नका’ हा सल्ला कोणी पाळणार नाही, हे पाड्यातील एका वृद्ध बाईंनी स्पष्ट सांगितले. त्यावर बोलणे होऊन असे ठरले की वारुळे जवळ असलेली मोहाची झाडे चुन्याच्या पट्ट्याने ओळखू येतील अशी करायची. त्या झाडांखाली ऊन आल्यावरच आणि गटाने जायचे. इतर झाडांखाली जाताना लांबूनच बोलत, काठी आपटत जायचे, कारण तोंड वारुळात घालून ओढत असलेल्या अस्वलाला दुसरे काहीही ऐकू येत नाही आणि माणूस अचानक शेजारी दिसला की ते पळत नाही, अंगावर येते.

चुना वनविभागाकडून मिळणार आहे. झाडांची यादी वारुळांच्या नकाशावरून उद्या काढायची असून कड्याच्या नाल्यातला कॅमेरा हलवून मोहाच्या उतारावर लावायचा आहे. सुतारांच्या घरट्यांची नोंद मार्चपासून वेगळ्या वहीत होईल.